आचारसंहितेपुरता भांडखोर

लग्न होऊन मी ठाण्यात कोपरीला आले तेव्हा बिल्डिंगमधला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस कोण, असं कोणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून तळमजल्यावरच्या काकांकडे बोट दाखवलं असतं. पहिल्याच आठवड्यात जिन्यात माझ्या हातातला दळणाचा डबा सटकला आणि थेट त्यांच्या पायावर पडला. अंगठा टम्म सुजला. मी तोंडावर हात ठेवून उभी, आणि काका म्हणतात, "चुकलं माझं. मी मध्ये उभा होतो."

मध्ये कुठले? बिचारे स्वतःच्या दारात उभे होते!

माणूस दिसायला धिप्पाड. मिशा भरघोस, आवाज खर्जातला, साधं 'चहा झाला का' विचारलं तरी वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असा. बारा महिने ढगळ बुशशर्ट, तो कधी म्हणजे कधी खोचलेला नाही. मुलीच्या लग्नातसुद्धा नवा बुशशर्ट शिवला, पण खोचला नाही म्हणे. आणि एक सवय. कोणी वाकडं बोललं की त्यांचा उजवा हात शर्टावरून कमरेशी जायचा, तिथे जरा थांबायचा, आणि मग तोंडातून ठरलेले दोन शब्द यायचे. चुकलं माझं. मला वाटायचं, कंबर दुखत असेल.

मी मूळची कल्याणची, आणि भांडायला कोणाच्या बापाला भीत नाही. फक्त माझं एक वाईट आहे. राग आला की मला रडू येतं, आणि रडणाऱ्या बाईचं कोणी ऐकत नाही, उलट पाणी आणून देतात. त्यामुळे आवाज असून न भांडणारा माणूस बघितला की माझं डोकं फिरायचं. एकदा स्टेशनजवळ एका पोराने काकांना स्कूटर घासली आणि वर त्यांनाच म्हणाला, "ए म्हाताऱ्या, आंधळा आहेस का?" काकांचा हात कमरेला. "चुकलं माझं." त्या पोराची आई-मावशी मी काढली, अर्थात रडत रडत. काका मला दंडाला धरून बाजूला घेऊन गेले आणि रस्ताभर माझीच समजूत घालत राहिले. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "असला कसला माणूस आहे हो?" तो नुसता हसला. म्हणाला, "खंडेनवमीला काकूंकडे जा. मग कळेल."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गेले. काकूंनी पाट मांडलेला. घरोघरी असतं तेच. विळी, कात्री, शिलाई मशीनचा पाय, काकांचा जुना तराजू आणि सोनं पारखायचा कसाचा दगड, कारण काका कल्याणच्या एका सराफी पेढीवर पारखी होते. आणि मधोमध, झेंडूच्या फुलात, एक रिव्हॉल्वर. खरं! काकू म्हणाल्या, "लाव कुंकू." मी बोट तसंच वर धरून उभी.

"अगं घाबरतेस काय? रिकामं आहे. काडतुसं वेगळ्या कपाटात, किल्ली यांच्या जानव्याला," काकू म्हणाल्या, आणि त्या लोखंडाला त्यांनी इतक्या भक्तीने नमस्कार केला की मला देव्हाऱ्याची आठवण झाली. "हे आलं आणि माझ्या घरात शांतता आली."

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं काका म्हणजे कोपरीतला सगळ्यात तापट माणूस. आमटीत मीठ कमी, की ताट भिंतीवर. बसमध्ये भांडण, रेशनच्या लायनीत भांडण, नात्यातल्या लग्नांच्या बैठकीत भांडण. पेढीचे दागिने घेऊन ते कल्याण-ठाणे करायचे. एकदा कल्याणला खाडीच्या बाजूला दोघांनी सुरा लावला, बॅग तर नेलीच, वर मारलं. त्यानंतर काका घराबाहेर पडेनात, आणि घरात बसून नुसते तडतडत. पेढीच्या मालकांनीच खटपट करून त्यांना स्वसंरक्षणाचा परवाना काढायला लावला. पोलिसांची चौकशी झाली, शेजाऱ्यांना विचारून झालं, नेमबाजीचं शिक्षण झालं, आणि एक दिवस ते कमरेला लावून काका घरी आले. त्या दिवशी भाजी करपली होती. काकू कोपऱ्यात अंग चोरून उभ्या. काकांनी तोंड उघडलं, हात कमरेला लागला, आणि म्हणाले, "चुकलं माझं. मला यायला उशीर झाला."

"त्या दिवसापासून आजपर्यंत घरातलं ताट उडालेलं नाही," काकू म्हणाल्या. "मग मी याला कुंकू लावू नको तर काय करू?"

मला राहवेना. काका झोपाळ्यावर बसलेले, मी सरळ विचारलं, "काका, उलट हे असल्यावर माणसाने ताठ चालायचं ना?"

"सगळ्यांना असंच वाटतं," काका म्हणाले. "अगं, साधी दोन माणसं भांडतात तेव्हा दोघांनाही माहीत असतं, फार तर काय होईल. कॉलर धरतील, एखादी कानफटात बसेल. माझ्याशी भांडणाऱ्याला ते माहीत नसतं. मला माहीत असतं. मग ते भांडण बरोबरीचं कुठे राहिलं? ती फसवणूक झाली. ज्याच्या कमरेला हे आहे त्याने पहिली माफी मागायची. चूक कोणाची का असेना."

"पण मग फायदा काय?"

"फायदा आहे की. मी घाबरायचा थांबलो. निम्मा राग तिथेच गेला. उरलेला निम्मा कायद्याने दाबला."

त्यांचे नियम तरी किती! परवाना हातात पडला त्या दिवशी त्यांनी संध्याकाळचा पेग सोडला तो कायमचा. आमच्याकडे गावोगावी हळदीचे कार्यक्रम म्हणजे काय धिंगाणा असतो, ठाण्याच्या माणसाला सांगायला नको. तिथून कितीही आग्रहाचं बोलावणं आलं तरी काका जायचे नाहीत. कोणी भाच्याने लाडात येऊन "काका, एकदा दाखवा ना" म्हटलं की चेहरा असा व्हायचा की भाचा पुन्हा मागायचा नाही. "दिसलं तर ती धमकी झाली," ते म्हणायचे. "नाही दिसलं तरच ते स्वसंरक्षण." लहान मूल मांडीवर घ्यायचं झालं तर आधी आत जाऊन सगळं कुलूपबंद करून यायचे. माझ्या लेकीला त्यांनी पहिल्यांदा घेतलं तेव्हा इतका वेळ लागला की ती तोवर झोपून गेली.

रिटायर झाल्यावर परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी पोलीस स्टेशनातल्या साहेबांनी विचारलं, "आता पेढी सुटली, दागिने नाहीत, कशाला हवंय?" काकू हट्टाने सोबत गेलेल्या. काका काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "साहेब, मला हवंय. हे जवळ असलं की यांचा आवाज चढत नाही." साहेबांनी आधी काकांकडे रोखून बघितलं, मग काकूंना बाजूला घेऊन खोदून खोदून विचारलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर खुर्चीत मागे रेलून हसले. परवाना वाढवून मिळाला. काकूंनी त्या दिवशी शिरा केला.

आता तुम्ही म्हणाल, माणूस संत झाला. छे! खरे काका मला कळले ते निवडणुकीत.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी आपापलं शस्त्र पोलीस स्टेशनात जमा करायचं, निकालानंतर परत घ्यायचं. आमच्याकडे पोलीस स्टेशनातून निरोप आला की काकू बॅग भरायच्या आणि डोंबिवलीला भावाकडे निघायच्या. पहिल्यांदा मला कळेना. "काकू, मतदानाला नाही का थांबणार?" "त्या दिवशी येऊन जाईन गं," म्हणाल्या आणि रिक्षात बसल्यासुद्धा. काका कापडी पिशवी घेऊन पोलीस स्टेशनात गेले. परतताना शर्ट पँटीत खोचलेला, पट्टा दिसतोय, चाल वेगळी. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापाशी थांबले.

"गेल्या गणपतीत मला सडके टोमॅटो घातलेस ते विसरलास काय रे?"

मी घरात कणीक मळत होते, तिथपर्यंत ऐकू आलं.

वर्षभर गिळलेलं एकेक भांडण काका आचारसंहितेत बाहेर काढायचे. बँकेतला तो उर्मट बाबू, गटार उघडं टाकून गेलेला कंत्राटदार, आमचा पाण्याचा पंप दुरुस्त करतो म्हणून सांगून गायब झालेला माणूस. ते स्कूटरवालं पोरगंही त्यांनी हुडकलं, आणि त्याच्या आईसमोर त्याला असं झाडलं की तीच म्हणाली, "रोज येत जा हो." आणि बिल्डिंगची माणसं काय कमी? तीही आपापली भांडणं जपून ठेवायला लागली. "काका, आचारसंहितेत जरा त्या केबलवाल्याचं बघा ना." काका मनावर घ्यायचे. पंप दुरुस्त व्हायचा, गटारावर झाकण यायचं. मी रडून जे होत नव्हतं ते काकांच्या एका आरोळीत व्हायचं. मात्र निकाल लागला, शस्त्र परत मिळालं, की जिथे असेल तिथे थांबायचे. केबलवाल्याशी एकदा अर्धंच भांडण झालेलं. त्याला सांगून आले, "उरलेलं विधानसभेला."

तर असं आमचं छान चाललेलं. मग महापालिकेची निवडणूक लांबली. लांबली म्हणजे आज होईल, उद्या होईल करत लांबतच गेली. पंप पुन्हा बिघडला. लोक जिन्यात काकांना विचारायचे, "काही बातमी?" काका मान हलवायचे. आणि नेमका त्याच काळात बिल्डर आला.

आमची बिल्डिंग जुनी, सगळे पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे भरून राहिलेले भाडेकरू. मालकाने ती परस्पर बिल्डरला देऊन टाकली. महापालिकेची नोटीस आली, इमारत अतिधोकादायक, रिकामी करा. ती होतीच धोकादायक, ते खोटं नव्हतं. पण बिल्डरचा माणूस म्हणायला लागला की आधी खोल्या खाली करा, नव्या घराचा करार नंतर. गच्चीवर रविवारी सकाळी मीटिंग लावली त्याने. पांढरे बूट, हातात दोन फोन.

"टेन्शन कशाला घेता? पहिले खाली करा, ॲग्रीमेंट आरामात करू. घरचेच लोक आहोत आपण."

ती एक खोली आणि स्वयंपाकघर सोडलं तर आमच्याकडे होतं काय? सासऱ्यांनी पागडी भरून घेतलेली, लेक दहावीला. कागद नसताना बाहेर पडलं आणि बिल्डिंग पडली, की कोण विचारतंय, इथे तुम्ही राहत होतात म्हणून? मी उठले, बोलायला लागले, दुसऱ्याच वाक्याला रडू आलं. त्या माणसाने पाणी मागवलं माझ्यासाठी! निम्मे लोक तर सही करायच्या बेतात आलेले. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका उठले. मिशा थरथरत होत्या. हात कमरेला गेला.

"चुकलं माझं," म्हणाले, आणि खाली बसले.

बिल्डरचा माणूस गोड हसला. "काका समजूतदार आहेत. आणि तसंही, कमरेला ते असताना आवाज चढवला तर उद्या वेगळीच तक्रार जायची. नाही का काका?"

त्या दिवशी कोणी सही केली नाही, पुढच्या रविवारी करू म्हणाले. मी तडक काकांच्या दारात. "काय उपयोग तुमचा? भाजीवाल्याशी टोमॅटोवरून भांडता आणि आमची घरं चाललीत तेव्हा चुकलं माझं? मग ठेवा ना ते कपाटात कुलूप लावून, आणि या वर!"

"घरी ठेवलं तरी माणूस घरी येतोच की," काका म्हणाले. "रागावलेला माणूस कपाटापर्यंत चालत जातो, पोरी."

"मग जमा करा पोलीस स्टेशनात, निवडणुकीसारखं!"

"निवडणुकीत निकालापर्यंत मागूनही मिळत नाही. असं ठेवलेलं मी कधीही जाऊन परत आणू शकतो ना. आणि हा माणूस सगळीकडे सांगत सुटलाय, काका पिस्तूलवाले. परवाना माझ्या नावावर आहे तोवर मी तोंड उघडलं की धाक दाखवल्याची तक्रार. मग तुमचा करार राहील बाजूला आणि माझीच केस चालत बसेल."

ते खरंच होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी डोळे पुसत होते. तेवढ्यात काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात झारा तसाच.

"मग परवानाच परत करा," त्या म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे वळले. "आणि तू?"

"माझं मी बघेन. डोंबिवली काय लांब आहे?"

आचारसंहितेला शेवट असतो हो, याला कुठला? त्या बाईने आपल्या घरातली शांतता आमच्या घरांसाठी उचलून दिली, तीही झाऱ्यावरचं तेल निथळत असताना, एवढ्या सहज. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी नुसतीच नाक ओढत उभी राहिले.

पुढच्या रविवारी सगळे गच्चीवर जमले. पांढरे बूट आधीच हजर. काका जिन्यातून वर आले आणि सगळे त्यांच्या कमरेकडे बघायला लागले. शर्ट खोचलेला! चकचकीत पट्टा, ताठ मान.

कोणीतरी हळूच विचारलं, "काका, निवडणूक लागली की काय?"

"नाही. शस्त्र जमा केलं, परवाना रद्द करायला अर्ज दिला. आता परत घ्यायचं नाही." मग ते बिल्डरच्या माणसाकडे वळले. "हं. करार रजिस्टर कधी?"

"काका, बिल्डिंग धोकादायक आहे, आम्हाला तुमच्या जिवाची काळजी..."

"माझ्या जिवाची काळजी माझी बायको घेते. करार रजिस्टर कधी?"

"प्रोसेस असते काका."

"असू दे. करार रजिस्टर कधी?"

"जरा आवाज खाली..."

"आवाज खाली ठेवूनच म्हातारा झालो मी!" काका असे गरजले की पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली. "आधी रजिस्टर करार, त्यात प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाची जागा, घर होईपर्यंतचं भाडं. मग कुलूप लावून किल्ली मी स्वतः आणून देतो. तोवर इथून एक सही मिळणार नाही. ही पोरगी रडते म्हणून तिला पाणी पाजलंस ना? बस खाली! आता तिचं पूर्ण ऐक."

आणि मला म्हणाले, "बोल गं. रडत बोललीस तरी चालेल."

मी बोलले. रडत रडत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलले. माझ्यामागून दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बोलल्या, मग सगळेच. तो माणूस दोन्ही फोन कानाला लावून जिना उतरला. एका रविवारात मिटलं असं नाही. बिल्डरच्या ऑफिसात, महापालिकेत, वकिलाकडे, काका सगळीकडे गेले आणि सगळीकडे तोच प्रश्न विचारत राहिले, आणि आता त्यांच्यामागे आम्ही सगळे होतो. शेवटी आम्ही लायनीने रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात अंगठे देऊन आलो, कागद हातात घेऊन. आज मी हे लिहितेय ते त्याच जागेवरच्या नव्या बिल्डिंगमध्ये, सातव्या मजल्यावर बसून.

पण मला सांगायचाय तो जुनी बिल्डिंग सोडायचा दिवस. सकाळपासून टेम्पो लागलेले, पॅसेजमध्ये खोक्यांचा ढीग. काकू काही डोंबिवलीला गेल्या नव्हत्या. "आज जाते, उद्या जाते" करत राहून गेल्या. पण मी बघत होते, त्या काकांच्या आसपास पाय न वाजवता वावरायच्या, जुन्या दिवसांसारख्या. काकांचा आवाज तेव्हा भलताच तापलेला. टेम्पोवाल्यावर ओरडून झालेलं, हमालांवर ओरडून झालेलं. आणि तेवढ्यात काकूंच्या हातून लोणच्याची चिनी मातीची बरणी सुटली. काकांच्या आईची बरणी. फरशीवर तेल, फोडी, खापऱ्या.

काकू भिंतीला टेकल्या. अंग चोरून.

काका गर्रकन वळले. तोंड लालबुंद, ओठ उघडलेले. हमाल थांबले, मी हातातलं खोकं तसंच धरून उभी. काकांचा उजवा हात कमरेला गेला. तिथे नुसता पट्टा होता. हात तिथेच थांबला, नेहमीसारखा.

"चुकलं माझं," काका म्हणाले. "मीच ती काठावर ठेवलेली." आणि गुडघ्यावर बसून खापऱ्या गोळा करायला लागले.

काकू भिंत सोडून पुढे आल्या. मग डोळ्यांना पदर लावून माझ्याकडे वळल्या.

"बघ गं," म्हणाल्या, "आणि मी इतकी वर्षं त्या लोखंडाला कुंकू लावत बसले."